हललेली दाढ, झिजलेलं हाड: काढून टाकायची की हाड परत आणायचं?

अंबाझरी
नमस्कार मंडळी. मजकूर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

वय ४७, राहणार प्रतापनगर, नागपूर. दोनेक वर्षांपासून ब्रश करताना रक्त दिसायचं. आपल्याकडे कशालाही ‘उष्णता झाली’ म्हटलं की प्रश्न मिटतो, तसा मीही मिटवला आणि गुलकंद खाल्ला. मागच्या दिवाळीत चिवडा चावताना उजवीकडची खालची पहिली दाढ खाली दबल्यासारखी वाटली. दुखत अजिबात नव्हती. दुखली असती तर दोन वर्षं आधी गेले असते.

पहिल्या डॉक्टरांनी एक्सरे बघून दोन मिनिटांत निकाल दिला: हाड गेलंय, दाढ काढा, नंतर इम्प्लांट बसवू. सोबत इम्प्लांटचा खर्च लिहिलेला कागदही आला. मी तो पर्समध्ये ठेवून घरी आले. मग मैत्रिणीच्या आग्रहाने धंतोलीत एका हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताभोवती सहा-सहा ठिकाणी घातली आणि सहायक मुलीला मिलिमीटरमधले आकडे सांगत गेल्या. तीन, तीन, चार, पाच, तीन... आणि त्या दाढेच्या मागच्या अंगाला नऊ. त्या मुलीने ‘नऊ?’ असं परत विचारलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टर म्हणाल्या, खड्डा खोल आहे पण अरुंद आहे, ही चांगली गोष्ट. आधी खोलवर सफाई, तीन महिन्यांनी परत मोजू, मग छोटं ऑपरेशन करून गेलेलं हाड परत आणायचा प्रयत्न करता येईल.

खड्डा अरुंद म्हणजे चांगलं कसं? आणि गेलेलं हाड खरंच परत येतं? कोणी करून घेतलंय का?

गोळाभात
ताई, पैसे वाचवा. माझं २०१४ साली झालं. खालच्या पुढच्या सहा दातांची हिरडी उघडून गेलेल्या हाडाच्या जागी पांढरी पूड भरली. एक्सरेत हाड झकास दिसत होतं, डॉक्टरही खूश, मीही खूश. दोन वर्षांत दात होते तसेच हलायला लागले. आता खाली कवळी आहे, आणि कवळीने हुरडा खाता येत नाही, एवढंच सांगतो.

महालातला_मुन्ना
ताई, माह्ये तं पुढचे दोन दात हलून राह्यले. डॉक्टर म्हने तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद कर, मंग बोलू. आता खर्रा गालात, हाड हिरडीत, त्याचा याचा काय संबंध? कोनी सांगा बाप्पा.

पुणेरी_पाहुणा
इम्प्लांट करून मोकळ्या व्हा. जुन्या गाडीला किती दिवस ठोकणार? शिवाय रोज तिळाच्या तेलाच्या गुळण्या केल्या की हिरड्या घट्ट होतात, आमच्या घरात तीन पिढ्या करतात.

दंतकथा
या विषयावर नऊ वर्षं हात चालतोय (एमडीएस, हिरड्यांचा विभाग), म्हणून जरा लांब लिहिते. तोंडात डोकावल्याशिवाय कोणाच्याही दाताबद्दल निर्णय देणार नाही, हे आधीच सांगते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटमचा पातळ थर, बाहेर हाड, आणि या दोघांमध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पट्टा. तंतूंचं एक टोक मुळात रुतलेलं, दुसरं हाडात. म्हणजे दात टांगलेला असतो, झोळीसारखा. पायरियात जंतूंचा थर आणि त्याच्याशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती मिळून हे तिन्ही खातात. नुसती हिरडी सुजली असेल तर सफाई आणि नीट ब्रश यांनी काही आठवड्यांत पूर्ववत होते. पण मुळापासून पकड सुटून हाड गेलं की ते आपोआप परत येत नाही.

आता अंबाझरीताईंचा मुख्य प्रश्न. सफाई केल्यावर जखम भरते, मग हाड का येत नाही? याचं उत्तर मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडलं: मुळाच्या स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर कोणत्या पेशी आधी पोचतात, त्यावर तिथे काय तयार होणार ते ठरतं. आपल्या नागपूरच्या भाषेत सांगायचं तर बेसा रोडकडचा मोकळा प्लॉट घ्या. पहिल्या पावसात तिथे काय उगवतं? गाजरगवत. तुम्हाला लावायचं असतं संत्र्याचं झाड, पण त्याला वेळ लागतो, तोवर गवताने जागा घेतलेली असते. हिरडीची वरची त्वचा हे आपलं गाजरगवत. तिच्या पेशी भराभर मुळावरून खाली सरकतात आणि जागा व्यापतात. जखम भरते, रक्त थांबतं, पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट) कमीही होतं, पण मुळाला तंतू चिकटलेले नसतात, नुसती त्वचा टेकलेली असते. याला आम्ही ‘दुरुस्ती’ म्हणतो. हाड, सिमेंटम आणि तंतू तिन्ही नव्याने येणं म्हणजे ‘पुनर्निर्मिती’.

मग प्लॉटला कुंपण घालायचं. १९८२ मध्ये नायमन, लिंडे, कॅरिंग वगैरे मंडळींनी एका माणसाच्या खालच्या पुढच्या दातावर हे पहिल्यांदा केलं. हिरडी आणि मुळामध्ये गाळणीचा कागद लावला, नंतर दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नवं सिमेंटम आणि त्यात रुतलेले तंतू. तिथून पुढे गोर-टेक्सचे पडदे आले, पण ते काढायला दुसरं ऑपरेशन लागायचं. आता बहुधा कोलॅजनचे पडदे वापरतात, ते आपोआप विरघळतात.

मुन्नाभौ, तुमच्या प्रश्नाला वेगळं उत्तर देते. आधी जेवून येते.

अंबाझरी
वा! गाजरगवत कायमचं लक्षात राहील. पण अरुंद खड्ड्याचं?

दंतकथा
हाड दोन तऱ्हांनी जातं. एक, सगळ्या दातांभोवती सारखं खाली उतरतं, मे महिन्यात फुटाळा तलावाचं पाणी उतरावं तसं. दुसरं, एकाच दाताशेजारी विहिरीसारखा खड्डा पडतो. विहिरीला तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असतात. त्या भिंतींतूनच नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत येतात, आणि आत तयार झालेली रक्ताची गुठळी भिंतींच्या आधाराने टिकते. ती गुठळी हलली नाही तर निम्मी लढाई जिंकली. म्हणून खोल-अरुंद खड्डा चांगला, उथळ-पसरट वाईट. एक्सरेत मूळ आणि हाडाची कड यांमधला कोन २५ अंशांच्या आत असेल तर निकाल जास्त चांगले येतात असं दिसलंय. दाढेच्या दोन मुळांच्या फाट्यात हाड गेलं असेल तर खालच्या दाढांचा अर्धवट उघडलेला फाटा प्रतिसाद देतो. आरपार उघडलेला फाटा मात्र बहुतेकदा नाही.

गोळाभातकाका, तुमच्या सहा दातांचे कागद माझ्यासमोर नाहीत. पण सहाच्या सहा दातांचं हाड सारखं उतरलं असेल तर ते पाणी उतरलेल्या तलावासारखं. तिथे पूड धरून ठेवायला भिंतच नसते. सपाट उतरलेलं हाड वर आणायचा खात्रीचा उपाय आजही कोणाकडे नाही.

आणि एक्सरेबद्दल. पूड हाडासारखीच पांढरी दिसते, भरल्या क्षणापासून! त्यामुळे ऑपरेशननंतर लगेच काढलेला ‘झकास’ एक्सरे म्हणजे दुकानातला माल आणून मांडल्याचा फोटो. मुळाला तंतू चिकटले की नाही हे एक्सरे सांगत नाही. त्यासाठी महिने जाऊ द्यावे लागतात आणि पॉकेट परत मोजावं लागतं.

गोळाभात
हे मला २०१४ मध्ये कोणी सांगितलं असतं तर हुरडा चुकला नसता. असो. धन्यवाद डॉक्टर.

महालातला_मुन्ना
माह्या खर्ऱ्याचं राह्यलं.

दंतकथा
तुमच्याकडेच येत होते. निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मजा अशी की त्यामुळे रक्त कमी येतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्या हिरड्या ठणठणीत. सुपारीतलं अरेकोलिन हे प्रयोगशाळेत तपासलंय, ज्या पेशींनी नवे तंतू विणायचे त्याच पेशींना ते मारक ठरतं. त्यात चुना. रोज पाच वेळा गालात खर्रा धरून ठेवणाऱ्या माणसाच्या हिरडीत मी महागडा पडदा लावला, तर तो खारवलेल्या जमिनीत लावलेल्या रोपासारखा.

आणि एक करा. आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घाला. जातात का?

महालातला_मुन्ना
दोन जातात. तिसरं अडते.

दंतकथा
मग हाडाचा विषय सध्या राहू द्या. गालाची आतली कातडी ताठ होत असण्याची शक्यता आहे, ती आधी दाखवा. उशीर करू नका, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाहीये. मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगण्याच्या बाजूला खासगी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे तोंडाच्या रोगांचा वेगळा विभाग असतो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून द्यायला ठेला प्रत्येक कोपऱ्यावर आहेच. तुम्हालाच थांबावं लागेल.

तुळशीमाळ
माझी आई माळकरी. तिलाही असंच ऑपरेशन सुचवलंय. ती विचारते, पूड कशाची? डॉक्टरांना विचारलं तर ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाले. हे काय उत्तर झालं?

दंतकथा
उत्तर झालं नाही, आणि आईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. सांगते.

खूप वापरली जाणारी एक परदेशी पूड गाय-बैलाच्या हाडापासून करतात, त्यातला सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज ठेवतात. कोलॅजनचे पडदे बहुधा डुकराचे किंवा गाय-बैलाचे. एम्डोगेन नावाचं एक स्वीडिश जेल १९९०च्या दशकात आलं, ते डुकराच्या वाढत्या दातकळ्यांतल्या प्रथिनांचं. दाताचं मूळ तयार होताना हीच प्रथिनं सिमेंटमला जागं करतात, म्हणून ती कल्पना, आणि तिचे निकाल चांगले आहेत. दात्याचं मानवी हाड हाही पर्याय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेतून येणारं प्रक्रिया केलेलं हाड आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत वापरलं जातं. मग संपूर्ण कृत्रिम: हायड्रॉक्सीअपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोअॅक्टिव्ह काच. यांत प्राण्याचं काही नसतं, पण ही मुख्यतः भराव म्हणून काम करतात, नव्या तंतूंच्या बाबतीत भरवसा कमी.

आणि शेवटी स्वतःचंच रक्त. फ्रान्सच्या शुक्रून यांनी २००१ मध्ये मांडलेली पीआरएफ पद्धत. हातातून रक्त काढायचं, त्यात गोठू न देणारं औषध घालायचं नाही, लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवायचं. मधल्या थरात पिवळसर जेली जमते, तीत वाढीला चालना देणारे घटक असतात. खड्ड्यात नुसती सफाई करण्यापेक्षा सोबत पीआरएफ घातल्यास निकाल सरस येतात. त्यामुळे आईंसाठी कृत्रिम पूड आणि स्वतःचं रक्त असा मार्ग बसू शकतो. डॉक्टरांना आधी सांगा, खुर्चीत बसल्यावर नको. पाकिटावर उगम लिहिलेला असतो, वाचून दाखवा म्हणावं.

तुळशीमाळ
आई म्हणाली, ‘माझंच रक्त मलाच, मग हरकत कशाला.’ पण बैलाचं ऐकून तिने दोनदा विठ्ठल म्हटलं.

पुणेरी_पाहुणा
सगळं वाचलं. तरी माझा मुद्दा राहतोच. एवढं करून दाढ किती वर्षं टिकणार? इम्प्लांट आयुष्यभर.

दंतकथा
आयुष्यभर कोणी लिहून दिलं? इम्प्लांटभोवती तंतूंचा पट्टा नसतो, स्क्रू थेट हाडाला चिकटतो. आणि ज्याच्या तोंडात पायरिया झाला त्याच्या इम्प्लांटभोवतीचं हाडही तसंच झिजण्याचा धोका जास्त. इम्प्लांट वाईट नाही, मी स्वतः बसवते. पण ते दात गेल्यावरचं उत्तर आहे, दात घालवायचं कारण नव्हे.

इटलीत कॉर्टेलिनी आणि टोनेटी यांनी मुद्दाम असे दात घेतले की ज्यांचं हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलं होतं, कोणीही ‘काढा’ म्हणेल असे. ५० रुग्ण. निम्म्यांचे काढून इम्प्लांट किंवा ब्रिज, निम्म्यांवर पुनर्निर्मितीचं ऑपरेशन. दहा वर्षांनी वाचवलेल्या दातांपैकी ८८ टक्के तोंडात होते (२०२० साली प्रसिद्ध). हात अनुभवी, रुग्ण निवडक, वर्षानुवर्षं काटेकोर तपासण्या, हे सगळं त्यात आलं, म्हणून हा आकडा प्रत्येकाला लागू होत नाही. पण दोन मिनिटांत निकाल देण्यापेक्षा थांबून मोजायला हरकत नव्हती, इतकं तर त्यातून निघतं.

तेलाच्या गुळण्या करा, तोंड बरं वाटतं. नऊ मिलिमीटर खाली तेल पोचत नाही.

संपादक
डॉक्टरांची नावं, फोन आणि दर धाग्यात लिहू नयेत. खर्चाची चौकशी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) करावी. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

अंबाझरी
अपडेट. सफाईला चार बैठका लागल्या, प्रत्येक वेळी तोंडाचा चौथा भाग सुन्न करून. आता तीन महिन्यांनी मोजलं: बहुतेक ठिकाणी तीनवर आले, दाढेचं नऊचं सात झालं.

पण हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. सूज उतरली की दात लांब दिसतात. दोन दातांमध्ये खिडक्या दिसायला लागल्या. माठातलं पाणी प्यायले तर कळ डोक्यात. सासूबाई म्हणाल्या, ‘सांगितलं होतं ना, सफाईने दात ढिले होतात.’ मीही आठवडाभर तसंच मानलं. मग डॉक्टरांनी ट्रेमधले काळे खडे दाखवले. कीटण दातांना सिमेंटसारखं एकमेकांना धरून होतं, ते गेल्यावर दात खरे किती हलतात ते कळलं, एवढंच.

आणखी एक. सफाईआधी रक्त तपासलं तर साखरेची तीन महिन्यांची सरासरी ७.४. मला मधुमेह आहे हे हिरडीच्या डॉक्टरांमुळे कळलं! त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि फिजिशियनकडे धाडलं.

दंतकथा
छान डॉक्टर मिळाल्या तुम्हाला. हे दोन्ही बाजूंनी चालतं. साखर वाढलेली असली की हाड वेगाने झिजतं आणि जखम उशिरा भरते. आणि हिरड्यांचा उपचार नीट झाला की तीन-चार महिन्यांत ही सरासरी साधारण ०.४ने उतरते असं दिसलंय. औषध बंद करण्याइतकी नव्हे, पण फुकटात मिळतेय तर का सोडा.

सफाईनंतर पॉकेट सहा किंवा जास्त उरलं आणि हाडातला खड्डा तीन मिलिमीटर किंवा त्याहून खोल असला तर पुनर्निर्मितीचा विचार करावा, अशी युरोपच्या हिरडीतज्ज्ञांची २०२०ची मार्गदर्शिका आहे. तुमचं सात त्यात बसतं.

अंबाझरी
साखर ६.६ आली, परवा ऑपरेशन झालं. टाके आहेत, बोलता येत नाही, म्हणून इथे बडबडते.

आधी दंडातून रक्ताच्या चार नळ्या घेतल्या. यंत्र घरघरत होतं तोवर दाढ सुन्न. दोन दातांमधलं हिरडीचं टोक न कापता बाजूने चीर दिली. ते टोक शाबूत राहिलं तरच खालची गुठळी झाकून राहते म्हणे. खड्डा खरवडताना खर्र खर्र आवाज कानात येतो, दुखत नाही, पण नको वाटतं. मग ती पिवळी जेली चिमट्याने पूडीत कालवली, अगदी श्रीखंडात वेलची कालवावी तशी, आणि खड्ड्यात भरली. वरून जेलीचाच चपटा केलेला पडदा. सव्वा तास.

आता त्या बाजूला ब्रश बंद, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या. दात तपकिरी होतात आणि वरणाला चव लागत नाही, बाकी ठीक. मऊ खिचडी, आंबील, पपई. रविवारी नवऱ्याने माझ्यासमोर बसून तर्री पोहे खाल्ले, ते लक्षात ठेवलंय.

गोळाभात
तर्री पोह्यांबद्दल वेगळा धागा काढा, तिथे तुमच्या बाजूने उभा राहीन.

पुणेरी_पाहुणा
एवढं विज्ञान चाललंय तर नवा दातच उगवता येत नाही का?

दंतकथा
दात नाही, पण आधार उगवायची औषधं येत आहेत. जपानमध्ये २०१६ पासून ट्राफर्मिन नावाचं वाढघटकाचं औषध याच कामासाठी मंजूर आहे. टोकियोत तंतूंच्या पेशींचे पातळ थर प्रयोगशाळेत वाढवून मुळावर बसवण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत. आपल्या हातात मात्र सध्या पडदा, पूड, जेल आणि रक्त. आणि ब्रश.

अंबाझरी
शेवटचा अपडेट, ऑपरेशनला एक वर्ष झालं. पहिले सहा महिने तिथे सळई लावू दिली नाही, दर तीन महिन्यांनी फक्त वरवर सफाई. काल मोजलं: चार. एक्सरेत खड्ड्याचा तळ वर आलाय, पूर्ण भरलेला नाही, वरची दीडेक मिलिमीटर फट तशीच आहे. डॉक्टर म्हणाल्या, तेवढी राहणार. दाढ हलत नाही. थंड पाण्याची कळ अजून येते, हिवाळ्यात जास्त.

दातांमधल्या खिडक्यांसाठी छोटा बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश दिलाय, तो रोज रात्री. कंटाळा येतो. करते. इम्प्लांटचा तो कागद परवा पर्स आवरताना सापडला.

दंतकथा
नऊचं चार! त्यातले काही मिलिमीटर सूज उतरून हिरडी आकसल्याचे आहेत, काही नव्या पकडीचे. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल ते पाहायला तुमची दाढ काढावी लागेल, तेव्हा तो प्रश्न सोडून देऊ. तीन महिन्यांची फेरी चुकवू नका.

महालातला_मुन्ना
डॉक्टरमॅडम, खर्रा सोडून एकवीस दिवस झाले. एकदा खाल्ला मधात, खोटं काऊन बोलू. दंत महाविद्यालयात जाऊन राह्यलो सोमवारी. केसपेपर सकाळी किती वाजता निघते? अन् उपाशी जा लागते का?

दंतकथा
उपाशी मुळीच नको, नाश्ता करून आणि दात घासून जा. सकाळी जितक्या लवकर रांगेत लागाल तितकं बरं. ओळखपत्र सोबत ठेवा, आणि खिडकीवर ‘तोंड कमी उघडतं’ असंच सांगा, हलणाऱ्या दातांचं नंतर.